खिडकीत मशीन ठेवणाऱ्या मादाम

न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत सगळं मिळतं. सुरळीच्या वड्या मिळतात, सोलकढी मिळते, सत्यनारायणाला गुरुजीसुद्धा मिळतात आणि ते आठवडाभर कुठल्याशा कंपनीचे सर्व्हर सांभाळत असल्यामुळे पूजा वेळेत आटोपतात. मिळत नाही ते फक्त धड ब्लाउज शिवणारं माणूस. इथे तीस वर्षं काढल्यावर मी हे अधिकाराने सांगू शकते. मुलाच्या लग्नासाठी एका शिंप्याकडून ब्लाउज शिवून आणला, तर माझा हात बाहीत कोपराच्या वरच अडकला. लग्नाला चार आठवडे उरले होते. मी इंडियन ग्रोसरीतून मेथीची जुडी घेऊन बाहेर पडले ती जगावर चिडूनच.

दोन दुकानं सोडून, लाँड्री आणि पिझ्झावाल्याच्या मधे, काचेच्या खिडकीत एक उंच कृष्णवर्णीय बाई मशीन चालवत बसली होती. डोक्याला पिवळाजर्द फेटा, त्याची गाठ कपाळावर. मशीन खिडकीला इतकं चिकटवलेलं की बाई पार्किंग लॉटच शिवायला घेते आहे की काय असं वाटावं. मी त्या खिडकीसमोरून किमान शंभर वेळा गेले असेन. आपल्या कामाचं माणूस इथे असेल असं मनात आलं नव्हतं. का आलं नव्हतं, ते मला माहीत आहे आणि वाचणाऱ्यालाही माहीत असणार.

त्या होत्या मादाम बिंता. मूळच्या सेनेगलच्या, पण आयुष्याची चोवीस वर्षं फ्रान्समधल्या लिओं शहरात काढलेल्या. आमचं बोलणं इंग्रजीत होई. त्यांचं इंग्रजी फ्रेंचमधून आलेलं, माझं अकोल्याच्या नगरपालिकेच्या शाळेतून, त्यामुळे दोघींनाही एकमेकींच्या चुका कळत नसत आणि संभाषण फार छान व्हायचं. इथे ते मी मराठीतच लिहिते.

रीतीप्रमाणे मी पिशवीतून मापाचा ब्लाउज काढून पुढे ठेवला. मादामनी तो दोन बोटांनी उचलून परत पिशवीत टाकला.

"हे कुठल्या तरी शिंप्याचं माप. तुमचं कुठे आहे?"

"बरोबर बसतो तो," मी म्हणाले.

"कधी शिवलेला?"

सात वर्षं झाली होती, आणि त्या सात वर्षांचा हिशेब माझ्या कमरेवर स्पष्ट दिसत होता. मादामनी मला आरशासमोर उभं केलं. टेप गळ्यात होती, पण बराच वेळ तिला हातच लावला नाही. नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमचा उजवा खांदा वर आहे. या हाताने तुम्ही वर्षानुवर्षं काय उचलून धरलंत?"

मी सत्तावीस वर्षं औषधाच्या कंपनीत लॅबमध्ये होते. पिपेटची नळी धरून, हात अधांतरी ठेवून. माझ्या डॉक्टरच्या हे लक्षात आलं नव्हतं, नवऱ्याच्या तर येणारच नव्हतं. ब्लाउज आठ दिवसांत तयार झाला. दोन खांद्यांची शिवण वेगवेगळी होती आणि घातल्यावर दोन्ही खांदे एका रेषेत दिसत होते. लग्नाच्या फोटोंत मी ताठ उभी आहे. फोटो पाहून बहिणीने अकोल्याहून विचारलं, "योगासनं सुरू केलीस का गं?"

मी ही बातमी अर्थातच पोटात ठेवली नाही. महिन्याभरात अर्ध्या महाराष्ट्र मंडळाचे ब्लाउज मादामकडे गेले. मग शिवलेल्या नऊवाऱ्या, मग मुलींच्या परकरांच्या कमरा. कामाच्या पद्धतीत त्या तसूभर बदलल्या नाहीत. मापाचा ब्लाउज चालणार नाही. घाई चालणार नाही. शिवणीत माया भरपूर सोडणार, कारण "बाई वाढते, त्यात लाजायचं काय?" शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी दुकान बंद, मग तुमच्याकडे मुंज असो नाहीतर बारसं. आणि काम झाल्यावर लगेच पळायचं नाही. कोपऱ्यातल्या शेगडीवर उकळणारा पुदिन्याचा चहा घ्यायचा, तोही एकदा नव्हे, तीनदा. पहिला पेला इतका कडू की मी चोरून चिवड्याचा बकाणा भरायची. पोरं त्यांना 'मादाम मावशी' म्हणू लागली. हे नाव कोणी ठेवलं ते ठाऊक नाही, पण त्यावर मादाम बेहद्द खूश होत्या.

मृणाल ही आमच्या मंडळाची सांस्कृतिक सेक्रेटरी. पुण्याची, आयटीतली, बोलण्याचा वेग आगगाडीला लाजवणारा नव्हे, तिला रुळावरून उतरवणारा. तिच्या सासूबाई, आक्का, सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. मृणाल त्यांची पैठणी घेऊन मादामकडे आली, तेव्हा मीही तिथे होते. आक्कांनी पैठणी मांडीवर घट्ट धरून ठेवली आणि अगदी मोठ्याने, मराठीत म्हणाल्या, "हिला काय कळणार पैठणीतलं? आणि केवढी काळी आहे गं. हात स्वच्छ असतील ना?"

मृणालचा चेहरा उतरला. "आई, प्लीज!" मी खाली बघितलं. खरं म्हणजे मी आक्कांना तिथल्या तिथे सुनवायला हवं होतं. एरवी माझी जीभ बरीच चालते. त्या दिवशी चालली नाही.

मादाम उठल्या. सिंककडे गेल्या, साबण लावून, कोपरापर्यंत, सावकाश हात धुतले, आक्कांसमोर पुसले आणि दोन्ही तळवे पुढे धरले. आक्कांनी पैठणी त्यावर ठेवली. मादामनी पदर उलगडला, मोर बघितला. मग पदर उलटा केला. परत सुलटा केला. परत उलटा. दोन्हीकडे तोच मोर, तोच नेटकेपणा, कुठे लोंबता धागा नाही. त्या खुर्चीवर बसल्याच.

"हिला मागची बाजूच नाही," त्या म्हणाल्या. "कोणी विणली? किती महिने लागले? त्या माणसाचं नाव काय?"

मी आक्कांना मराठीत सांगितलं. आक्कांना येवल्याच्या विणकराचं नाव ठाऊक नव्हतं. "आम्ही कधी विचारलंच नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. त्या दिवशी आक्का तिन्ही पेले प्यायल्या.

त्या गेल्यावर मी मादामची माफी मागायला गेले, तर त्यांनी मला थांबवलं. "शब्द कळले नाहीत. पण हे गाणं मी चार भाषांत ऐकलंय, चाल तीच असते."

मग मी कित्येक दिवस मनात असलेलं विचारून टाकलं. मशीन खिडकीला का चिकटवलंय? उजेडासाठी?

"उजेड बल्बचाही असतो," मादाम म्हणाल्या, आणि लिओंची गोष्ट सांगितली. चोविसाव्या वर्षी नवऱ्याबरोबर तिथे गेल्या. मुलगी मरियम तिथेच जन्मली. नवरा लवकर गेला. नववधूंचे गाऊन शिवणाऱ्या एका दुकानात त्यांनी सतरा वर्षं काम केलं. मालकीण वाईट नव्हती. वाढदिवसाला केक आणायची, मरियमच्या शाळेची चौकशी करायची. फक्त मादामनी मागच्या खोलीत बसायचं. पुढे आरसे, सोफे, नवऱ्या मुली. माप दुसरी मुलगी घ्यायची आणि आकडे लिहिलेला कागद मागे आणून द्यायची. गिऱ्हाइकांना बरं वाटतं, इतकंच मालकीण म्हणायची. सतरा वर्षं मादामनी ज्यांना पाहिलं नाही अशा बायकांची आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची वस्त्रं शिवली.

"एकदा एक नवरी बाथरूम शोधत चुकून मागे आली. तिचाच गाऊन माझ्या मांडीवर होता. बघून रडायलाच लागली, इतका आवडला. मग विचारलं, तुम्ही कुठल्या? मी म्हटलं, लिओंची. ती म्हणाली, नाही हो, खरं म्हणजे कुठल्या?" मादामनी चहा उंचावरून पेल्यात ओतला. "खिशात फ्रेंच ओळखपत्र होतं. मुलीकडून घरी फ्रेंच कविता पाठ करून घ्यायचे मी. आणि उत्तर एकदा देऊन कधी पुरायचं नाही."

अमेरिकेत असलेल्या त्यांच्या बहिणीने अर्ज केला होता. कागद यायला बारा वर्षं लागली. ग्रीन कार्डाची वाट बघणाऱ्या आमच्या मंडळींना यात समजावण्यासारखं काही नाही. त्या आल्या, दुकान थाटलं आणि पहिल्याच आठवड्यात एक गोरा म्हातारा पँट घेऊन आला. मादाम दोन वाक्यं बोलल्या तर तो हरखून म्हणाला, "अरे वा, तुम्ही फ्रेंच!"

हे सांगताना मादाम इतक्या हसल्या की फेटा सैल झाला. "चोवीस वर्षांत तिथे कोणी म्हणालं नाही ते! फ्रेंच व्हायला मला न्यू जर्सीत यावं लागलं!"

पण हसू ओसरल्यावर त्या उठून खिडकीपाशी गेल्या. मशीनवर हात ठेवून म्हणाल्या, "आता मी पुढे बसते. मागे परत नाही."

हे बोलणं मरियमला उद्देशून होतं, हे मला पुढे कळलं. मरियम लिओंमध्ये शाळेत शिकवायची आणि दर रविवारी आईला फोन करायची. मादाम फोन स्पीकरवर टाकून काम चालू ठेवायच्या, म्हणून मी त्या भांडणाची साक्षीदार. मरियमला दिवस गेले होते. तिला आई हवी होती. तू फ्रान्सची नागरिक आहेस, म्हातारपणी एकटी परदेशात कशाला पडून राहतेस, असं तिचं म्हणणं. मादामचं म्हणणं असं की नातवंडासाठी जीव तुटतो, पण त्या शहरात त्यांची जागा मागच्या खोलीत आहे, आणि नातवाने आजीला तिथे पाहायला नको. शेवटी मरियम म्हणाली, मी येतेच, तुझं तिथे काय आहे ते बघते आणि तुला घेऊन जाते.

ती येणार होती ती नेमकी आमच्या गणपतीच्या कार्यक्रमाच्या आठवड्यात. मादाम एवढ्या अस्वस्थ मी कधी पाहिल्या नव्हत्या. "मी इथे कोण आहे, ते तिला दिसायला हवं," त्या म्हणाल्या.

मला उत्साह आला. मी घरी जाऊन साडी नेसले, कुंकवाचा करंडा आणि अक्षता घेतल्या आणि दुकानात जाऊन मादामना रीतसर आमंत्रण दिलं. कपाळाला कुंकू लावू का विचारलं, त्या नाही म्हणाल्या, पण तांदूळ मात्र दोन्ही हातांत घेतले. "याचं काय करायचं?"

"जपून ठेवा," मी गमतीने म्हणाले. "ज्याला अक्षत मिळाली, तो मानाचा पाहुणा."

आता माझं पाप सांगते. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मृणालचा फोन आला. "नीलाकाकू, लावणीच्या मुलींच्या नऊवाऱ्या मी ऑनलाइन मागवल्यात, फिटिंगचं टेन्शन आलंय यार." आणि मी बोलून गेले, "अगं, मादाम येणारच आहेत की. काही उसवलं तर त्या बघतील." त्यात काही वावगं आहे असं मला क्षणभरही वाटलं नाही.

हायस्कूलच्या हॉलच्या दारात मादाम आल्या. निळ्या-सोनेरी पायघोळ झग्यात, त्याच कापडाचा फेटा, आणि मागे मरियम, सहा महिन्यांचं पोट सांभाळत, तोंडावर फारसं हसू नाही. आम्ही सगळे बघतच राहिलो. तेवढ्यात मृणाल आतून धावत आली.

"मादाम, थँक गॉड! बॅकस्टेजला चला प्लीज, सगळ्या नऊवाऱ्या सुटतायत, टोटल डिझास्टर आहे! नीलाकाकू म्हणाल्या तुम्ही बघाल म्हणून!"

मरियम आईकडे वळून फ्रेंचमध्ये काहीतरी दोनच शब्द बोलली. मला फ्रेंच येत नाही. पण 'झालं समाधान?' हे कुठल्याही भाषेत कळतं.

मादामनी पर्स उघडली, कागदाची एक छोटी पुडी काढली आणि माझ्यासमोर उलगडली. माझ्या अक्षता. एकही दाणा सांडलेला नव्हता.

"या तुम्ही दिल्यात ना?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "मादाम, आमच्यात घरच्या माणसालाच कामाला लावतात. परक्याला नाही." आणि हे खोटं नव्हतं. आपल्याकडे पाहुणी बाई पदर खोचून पुऱ्या लाटायला बसली की मगच ती आपली होते.

"बरं," मादाम म्हणाल्या. "आणि तुमच्यातली घरची माणसं मागे बसतात?"

गेली तीस वर्षं मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात मी मागच्या किचनमध्येच होते. टाळ्या मी बहुतेक भिंतीपलीकडून ऐकल्या आहेत.

मादामनी पुडी बांधून पर्समध्ये ठेवली. झगा सावरला आणि सरळ मधल्या वाटेने चालत गेल्या, थेट पहिल्या रांगेत. तिथे खुर्च्यांवर 'प्रमुख पाहुणे' अशा चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. मादाम त्यातल्या मधल्या खुर्चीवर बसल्या. हॉल भरलेला, दिवे लागलेले. मृणाल त्यांच्या मागे धावत गेली, तसं त्यांनी मान न वळवता सांगितलं, "मुलींना इथे आणा."

"इथे? सगळ्यांसमोर?"

"इथे. माझ्यासमोर."

चौदा मुली आल्या, कासोटे धरून, लाजत, खिदळत. मादामनी फेट्याच्या घडीतून दोरा ओवलेली सुई काढली, पर्समधून दुसरी सुई आणि रीळ. समारंभाला आली तरी बाई सुई घरी ठेवून आली नव्हती. पहिली मुलगी पुढे उभी राहिली. सगळा हॉल बघत होता. कोणी निवेदन करेना, कोणी माइकवर हॅलो-हॅलो करेना. फक्त ती सुई चालली होती. एका मुलीला म्हणाल्या, "पोट आत ओढू नकोस, नाचताना सोडशीलच." मुलगी म्हणाली, "ओके, मादाम मावशी." आणि पुढच्या चार रांगा हसल्या.

तिसऱ्या मुलीपर्यंत मरियम हाताची घडी घालून उभी होती. चौथ्या मुलीचा पदर निसटला, तो मरियमने वाकून धरला आणि मग धरतच राहिली. आक्का माझ्या शेजारून उठल्या. त्याच पैठणीत, मादामनी शिवलेल्या ब्लाउजमध्ये. प्रमुख पाहुण्यांच्या दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसल्या आणि सुईत दोरा ओवायला घेतला. डोळ्यांना जवळचं दिसत नसल्यामुळे त्यांना ते जमलं नाही, पण रीळ त्यांनी शेवटपर्यंत धरून ठेवलं. कार्यक्रम चाळीस मिनिटं उशिरा सुरू झाला. आमच्या मंडळात ही वेळ वक्तशीरच मानतात. खरे प्रमुख पाहुणे तिसऱ्या रांगेत बसले आणि त्यांनी त्याबद्दल एक अक्षरही काढलं नाही, हेही नमूद करायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात गेले. रात्रभर मनात जुळवलेली वाक्यं म्हणायला सुरुवात केली.

"तुम्ही चुकलात," मादाम म्हणाल्या. "बसा. चहा घ्या."

पहिला पेला मी चिवड्याशिवाय प्यायले.

मरियम आईला न घेताच परत गेली. पण महिन्याभराने तिने एक फोटो पाठवला. लिओंमध्ये एक रिकामं दुकान होतं, आई जिथे सतरा वर्षं मागे बसली, त्याच रस्त्यावर. काही लिहिलं नव्हतं, फक्त खिडकीचं माप होतं, टेपने घेतलेलं. मादाम तो फोटो येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत. मी तो बघितला आणि मनात म्हटलं, गेली ही बाई.

"इथे काय कमी होतं?" त्या मशीन बांधत होत्या, तेव्हा मी विचारलं. माझा आवाज चिडका आला असणार, कारण मला रडू येत होतं.

"इथे काहीच कमी नव्हतं," मादाम म्हणाल्या. "म्हणून तर आता तिथे जाता येतं." मग माझ्या उजव्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी तो अलगद खाली दाबला.

आता तिथे नात आहे, आणि मादाम कधीमधी व्हिडिओ कॉल करतात. परवा अशाच बोलत होतो. माझ्याकडे सकाळ, मी मेथी निवडत बसलेली, त्यांच्याकडे दुपार. त्यांनी फोन खिडकीच्या कट्ट्यावर टेकवला होता. मला मशीन दिसत होतं, काचेला चिकटवलेलं, आणि काचेपलीकडे रस्ता. तेवढ्यात दार वाजलं. कुत्रं घेतलेली एक म्हातारी गोरी बाई आत आली, हातावर कोट. मादाम मला विसरल्या.

दोघी फ्रेंचमध्ये बोलू लागल्या. बाईने कोटाच्या अस्तराकडे बोट दाखवलं, मादामनी मान हलवली. मग बाईने मान जरा तिरकी करून, गोड आवाजात एक प्रश्न विचारला. मला शब्द कळले नाहीत, पण तो प्रश्न मला पाठ आहे. तीस वर्षं रांगांमध्ये, लिफ्टमध्ये, डेंटिस्टच्या खुर्चीत मी तो ऐकते आहे. माझा मेथी निवडणारा हात थांबला.

मादाम मशीनमधला दोरा बदलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पार्सिपनी."

बाईने तोच प्रश्न परत विचारला. या वेळी जरा लांबवून, 'खरं म्हणजे' लावून.

मादामनी दोरा दाताने तोडला आणि तिच्याकडे नीट बघितलं. "पार्सिपनी," त्या म्हणाल्या. "न्यू जर्सी."

म्हातारीने समजल्यासारखी मान डोलावली आणि कोट त्यांच्या हातात दिला. मादामनी तो उलटा करून अस्तर बघायला सुरुवात केली. मी फोन बंद केला नाही.